राखणदाराच्या नावाची बाटली

विक्रोळी, मुंबई
१४ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. इकडे मी आणि कुंदा मजेत आहोत. विमलावहिनीला नमस्कार. शेवंतीचा ताप उतरला हे वाचून जिवात जीव आला. एवढीशी पोर, एकवीस दिवस अंथरुणावर म्हणजे काय!

पण तू पण कमाल केलीस. पोरगी बरी झाली तर वाडीच्या राखणदाराला गावठी नाही, मुंबईची इंग्लिश ब्रँडी देईन, असा नवस बोललास आणि शोधाशोध माझ्या गळ्यात! उचलली जीभ लावली टाळ्याला. इथलं दुकान काय आपल्या तात्यांचं आहे? विक्रोळी स्टेशनजवळ गेलो तर म्हणे परमिट दाखवा. घाटकोपरला गेलो तर बाटलीचे पंच्याऐंशी रुपये. स्वस्तातली होती, पण तिला नुसता रॉकेलसारखा वास. म्हटलं, राखणदार झाला म्हणून काय झालं, त्यालाही नाक आहे.

शेवटी मरोळला माझ्या ओळखीत काम झालं. तीस रुपयांत सीलबंद बाटली. भाव ऐकून दचकू नकोस, ओळख असली की मुंबईत सगळं मिळतं. आपल्या वाडीचा काशीराम उद्या गावी येतोय, त्याच्याकडे हे पत्र आणि बाटली देतोय. सात डिसेंबरच्या राखणीला पहिली धार राखणदाराला आणि मग घोटघोट वाडीतल्या सगळ्या बाप्यांना, नेहमीसारखं. उरली तर शेवंतीला थंडीत गरम पाण्यातून चमचाभर दे. अंगात ऊब येईल.

माझं काम चाललंय, काळजी नको.

तुझा,
चंदू

विक्रोळी
२४ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. पत्र लगेच टाकतोय म्हणून घाबरू नकोस. काशीरामने बाटली पोचवली असेलच. ती इतक्यात उघडू नकोस. दुकानदार म्हणतो माल जुना आहे, चवीला उतरला असेल. काशीराम तीस तारखेला परत निघेल, त्याच्याकडेच बाटली परत पाठव. राखणीच्या आधी मी दुसरी पाठवतो. घाटकोपरची, पंच्याऐंशीवाली.

शेवंतीलाही त्यातली देऊ नकोस. डॉक्टर म्हणतात, लहान मुलांना ब्रँडी बरी नाही.

इकडे थंडी अजून नाही. कुंदाची कंबर दुखते, बाकी ठीक. पत्र मिळाल्याचं लगेच कळव, विसरू नकोस.

तुझा,
चंदू

विक्रोळी
५ डिसेंबर १९८६, सकाळी

दादा,

बाटली उघडू नकोस. तिच्यात विष आहे.

हे मी मागच्या पत्रात लिहायला हवं होतं. तुझं उत्तर काल संध्याकाळी आलं. तू लिहिलंस, ‘राखणदाराच्या नावान ठेवलली वस्तू परत घेवची नसता, ह्यां तुका ठावक नाय? मुंबैक जावन इसारलंस?’ नाही रे, विसरलो नाही. नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून तू बाटली त्याच्या नावाने देव्हाऱ्याखाली ठेवली असशील हे मला कळायला हवं होतं. ‘माल जुना’ असल्या फुसक्या कारणाने तू ती परत देणार नाहीस, हेही कळायला हवं होतं. पण खरं कारण लिहायला हात उचलेना.

काल तारही केली. पण आपल्याकडे दिवाळीची तार तुळशीच्या लग्नाला पोचते. म्हणून हे पत्र देऊन कुंदाला आज दुपारच्या एस.टी.ने पाठवतोय. उद्या सकाळी ती तुझ्या दारात असेल. तिला मी आजच सगळं सांगितलं. ती उठली आणि पिशवी भरायला लागली.

आता तुला सांगतो. मी ज्या वर्कशॉपमध्ये होतो ते मार्चमध्ये बंद पडलं. तुला कळवलं नाही, कारण तू म्हणाला असतास, गावी ये. चार महिने घरी बसलो. मग अंबादासने, आमच्या शेजारच्या चाळीतला, मला मरोळला कामाला लावलं. पत्र्याची शेड आहे. भंगारवाल्याकडून रिकाम्या बाटल्या येतात, त्या आम्ही धुतो. पिंपातल्या स्पिरिटमध्ये पाणी घालायचं, साखर जाळून रंग द्यायचा, बाटल्या भरायच्या आणि बूच ठोकायचं. लेबलं लावायचं काम माझं. खळ लावून सरळ लेबल चिकटवण्यात माझा हात धरणारा तिथे कोणी नाही, असं मालक म्हणायचा आणि मला बरं वाटायचं.

घाटकोपरला मी गेलो होतो, ते खरं. पंच्याऐंशी रुपये खिशात नव्हते, तेही खरं. तीस रुपये मात्र खोटे. ती बाटली मी शेडमधून उचलून आणली.

तेव्हा मनात काय आलं ते लिहितो, तुला राग आला तरी चालेल. वाटलं, देवाला देणं आहे, तो काय पिऊन बघणार आहे? त्याला बाटली दिसली, लेबल दिसलं, झालं. राखणदार एक थेंबही पीत नाही, पितात ती आपली माणसं, हे मला माहीत होतं. मी स्वतः लहानपणी त्या दगडासमोर उभा राहून माझी पाळी कधी येते त्याची वाट बघितली आहे. पण तेव्हा ते आठवायचंच नाही असं ठरवलं. आम्ही इतके महिने तोच माल भरत होतो आणि कोणाला काही झालं नव्हतं, याचाही आधार होता.

नोव्हेंबरात शेडमध्ये नवं पिंप आलं. एकवीस तारखेला अंबादासने आणि त्याच्या शेजाऱ्याने त्यातली अर्धी बाटली घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता, टळटळीत उन्हात, शेडच्या दारात बसून अंबादास मला म्हणाला, “चंदूभाऊ, आज एवढं धुकं कसं काय पडलंय बे?” मी हसलो. म्हटलं, “उतरली नाय का रे अजून?” संध्याकाळी त्याला बायकोचं तोंड दिसेना. त्याच रात्री त्याचा शेजारी दगावला. त्या पिंपात फर्निचर पॉलिशचं स्पिरिट होतं.

हे सगळं मला तुला दुसरं पत्र लिहिताना माहीत होतं, दादा. माहीत असून मी ‘माल जुना’ लिहिलं, कुंदाच्या कमरेचं लिहिलं. तुझी बाटली जुन्या पिंपातली असेल, अशी मनाची समजूत घातली. त्या दिवशी दोन खोके शेजारी शेजारी होते आणि मी घाईत एकातली उचलली. कोणत्यातली, ते आठवत नव्हतं. काल तुझ्या पत्रात वाचलं, ‘निळ्या काठाचा लेबल काय सुंदर आसा!’ निळ्या काठाची लेबलं नव्या पिंपाबरोबर आली. ते वाचून तसाच उठून तारऑफिस गाठलं. शेवंतीला चमचाभर दे, असं मीच माझ्या हाताने लिहिलं होतं.

आता नीट वाच. बाटली विहिरीजवळ ओतू नकोस, गुरं फिरतात तिथेही नको. माळावर खोल खड्डा करून पुरून टाक. आधीच कोणी घोट घेतला असेल तर तो ठणठणीत दिसला तरी थांबू नकोस. गाडी करून तालुक्याच्या इस्पितळात ने आणि हे पत्र डॉक्टरला दाखव. डोळ्यांपुढे धुकं येतं, पोटात कळा येतात, ओकाऱ्या होतात. त्याची वाट बघत बसू नका.

राखण चुकवू नकोस. त्याला आपली गावठीच दे, ती निदान खरी असते. वाडी जमेल, नवसाची बाटली कुठे म्हणून विचारतील. तेव्हा लपवू नकोस. गाऱ्हाणं घालशील त्यात माझं नाव घे. सगळ्यांसमोर म्हण, माझ्या धाकट्या भावाने, चंद्रप्रकाशने तुला फसवलं, त्याची शिक्षा त्याला कर, पोरीवर ठेवू नकोस. तात्यांच्या मुलाचं नाव असं घेतलेलं वाडीत कोणी ऐकलेलं नाही. आता ऐकू दे.

मी स्वतः का आलो नाही, असं विचारशील. उद्या शेडमधून दोनशे बाटल्या बाहेर जाणार आहेत. चारकोपपासून मुलुंडपर्यंत कुठे कुठे जातील, देव जाणे. ती शेड पोलिसांना दाखवतील असे मी आणि अंबादास दोघेच होतो. अंबादासचे डोळे गेले, त्याला आता दाखवता येणार नाही. त्याची बायको द्रौपदी माझ्याबरोबर चौकीवर येतेय. ती खाली उभी आहे. मालक कसला माणूस आहे ते मला माहीत आहे, म्हणून भीती वाटते. पोलीस मलाही सोडणार नाहीत. हे पत्र जपून ठेव, ते मागतील तेव्हा दे.

कुंदाला आता तिकडेच ठेवून घे. वहिनीला म्हणावं, तिला बोल लावू नकोस, तिला काही माहीत नव्हतं.

आणि दादा, बाटली उघडली गेली असेल, तर मला धीराचं पत्र पाठवू नकोस. कोण कोण प्यायलं त्यांची नावं लिही. एकही गाळू नकोस. पहिलं शेवंतीचं असेल तरी पहिलंच लिही.

नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू?

चंद्रप्रकाश