आठव्या खेपेची अडचण

वाशी,
रविवार, २ मार्च १९९७

ती. गिरजाआक्कास,

सयाजीचा दंडवत. तुझे गुडघे कसे आहेत ते आधी विचारतो, बाकीची खुशाली मागाहून. इकडे भैरोबाच्या कृपेने सगळे बरे आहेत. मी तर जरा जास्तच बरा आहे, आणि अडचण तीच आहे.

मी काविळीने पडलो होतो तेव्हा तू माझ्या वजनाइतका गूळ भैरोबाला बोललीस. (हे तुझ्या भावजयीने मी चांगले बाळसे धरल्यावर सांगितले. आधी सांगितले असते तर बेताने जेवलो असतो.) आता तुझे पत्र आले, की रंगपंचमीच्या जत्रेला तो गूळ तू अनवाणी, स्वतःच्या डोक्यावरून, एकेक ढेप करून चढवणार, दुसऱ्याचा हात लागू देणार नाहीस. दहा किलोची ढेप आणि देवळाच्या एकशे चाळीस पायऱ्या! मी लगेच आमच्या कांदा-बटाटा बाजारातल्या काट्यावर उभा राहिलो. सत्तर किलो, वर चारशे ग्रॅम. देवाला फोडलेली ढेप चालत नाही, म्हणजे एवढ्याशा चारशे ग्रॅमसाठी तुला आठवी खेप.

व्यायामाने वजन उतरते म्हणून मग बावीस वर्षांनी तालमीत गेलो. (तुर्भ्यात मारुतीच्या देवळामागे आहे.) पहिल्या दिवशी चाळीस बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी गाळ्यावर गादीवरून उठताना दोन हमाल लागले. "दिवाणजी, पाय भाड्यानं आणल्यात का?" असे वर विचारले. तरी नेमाने गेलो, आणि आठ दिवसांनी काट्यावर उभा राहिलो तर बहात्तर. तोलणार गोटीराम म्हणाला, "खिशात कांदे हायेत का बघा." खिसे उलटे केले, चपला काढल्या, पेनसुद्धा त्याच्याकडे दिले. बहात्तरच. चार दिवस रात्रीचे जेवण सोडले, तर "माझ्या हातचं नको झालं का?" म्हणून तुझी भावजय रुसली, तिची समजूत काढायला एका बैठकीत चार भाकरी खाव्या लागल्या.

तालमीतले दिनानाथ वस्ताद मात्र हसले. "लय दिसांनी अंग राबवलं की ते पाणी धरून बसतं. दीड महिना दम धरा, उतरंल." डॉक्टरही तेच म्हणाले. पण जत्रेला महिनासुद्धा उरलेला नाही.

पहाटे देवासमोर बसून विचार करत होतो, की पाहुणे आलेल्या या पाण्याचाही गूळ द्यायचा का? मग वाटले, आजारात मी निम्मा झालो होतो, तेव्हा तू देवाकडे किलो मागितले नव्हतेस, भाऊ मागितला होतास. तो जेवढा भरेल तेवढा भरो. काट्यावर लबाडी करणार नाही.

तुझा,
सयाजी

ता.क. तालीम थांबवली तर ही पाण्याची सूज लवकर उतरेल, असे डॉक्टर म्हणतात. मी थांबवणार नाही.

आणखी एक. गुरवाला एवढे विचार: गूळ आक्काच्या डोक्यावर आणि आक्का भावाच्या पाठीवर, असे चालेल का? गुळाला माझा हात लागणार नाही. अनवाणी मी राहीन. पाच दिवस झाले, गोटीराम माझ्या पाठीवर पन्नास किलोची बटाट्याची गोणी देतो आणि मी बाजाराचा जिना चढतो. काल न थांबता सहा वेळा चढलो. गोणी तुझ्या वजनाच्या अंदाजाने घेतली आहे. तरी गिरणीतल्या काट्यावर उभी राहा आणि तुझे वजन उलट टपाली कळव. भिडेखातर कमी सांगू नकोस.