वॅन नंबर तीन

१२ जानेवारी, सोमवार

येणारेत! शुभांगीचे आईवडील येणारेत. इथं, ह्या बेटावर!

सकाळी आईचा फोन. आनंदानं नुसती ओरडत होती. शुभांगीचे वडील खंडेराव, दिंडोरीला त्यांचं खता-औषधांचं दुकान. कंपनीचं टार्गेट पुरं केलं म्हणून कंपनीनं सगळ्या दुकानदारांना बायकोसकट बोटीची सहल दिली. बोट वीस तारखेला सेशेल्सला थांबणार. दिवसभर.

"कुंदन, त्यांना तुझं हॉटेल दाखव. दाढी कर. नीट राहा."

हॉटेल! कसलं हॉटेल.

१३ जानेवारी

एकदा लिहून टाकतो. खरं कुठंतरी असू दे.

मी मॅनेजर नाही. बारावी पण नाही. नववीतच शाळा सोडली. बोटीवरनं उतरणाऱ्या पाहुण्यांना मी वॅनमधनं बेट फिरवतो. आठ माणसं, सकाळी नऊ ते चार. बाजार, मोठ्ठी कासवं, समुद्र, आणि शेवटी नारळाच्या झाडावर चढून दाखवायचं. पायात दोरी, कमरेला पानांचा झगा, डोक्यावर पानांची टोपी. छातीवर नावाची पट्टी — पॉल. मालक म्हणतो, पाहुण्यांना इथलाच माणूस लागतो. हिंदी बोललास तर घरी पाठवीन.

गावी मखमलाबादला आमच्या झेंडूच्या वावराजवळ एका बंगल्याच्या गेटपाशी नारळाची दोन झाडं आहेत. लहानपणापासून तेवढीच बघितली. आता रोज चढतो. पोटासाठी माकड झालोय!

व्हिडिओ कॉलवर शुभांगीला बघितलं तेव्हा अंगात एका वेटरचा कोट होता आणि मागं त्याच्या हॉटेलचं कारंजं. रंगनाथमामानं स्थळ आणलेलं. "मॅनेजर सांग. शेतकऱ्याच्या पोराला कोण पोरगी देतंय आता?" सांगितलं. लग्न ठरलं.

मग ती फोनवर बोलायला लागली. तिथनं सगळं अवघड झालं.

१४ जानेवारी

शुभांगीनं तिळाच्या लाडवांचा फोटो पाठवला. खाली लिहिलंय, "तुम्ही यायच्या आत संपणार."

पाच वेळा वाचलं.

तिला खरं सांगायचंय. दोनदा तोंडापर्यंत आलं. ती विचारते, "तिथला समुद्र कसाय हो?" मी म्हणतो, निळा. तेवढ्यात धीर जातो.

१७ जानेवारी

खंडेरावांना फोन केला. म्हटलं, हॉटेलनं मला दुसऱ्या बेटावर पाठवलंय, वीसला भेट नाही व्हायची.

"अरेरे! असू द्या, असू द्या. काम पहिलं, जावईबापू."

जावईबापू! फोन ठेवल्यावर स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

मालकाकडं सुट्टी मागितली. बोटीच्या दिवशी नाही, म्हणाला. चार वॅन आहेत. एक माझी. बघू.

२० जानेवारी, मंगळवार

वॅन नंबर तीन. माझी! यादीत दुसऱ्या नंबरला खंडेरावांचं नाव.

वाढलेली दाढी, गॉगल, टोपी भुवयांपर्यंत. "बोंझूर" म्हटलं आणि दार धरून उभा राहिलो. खंडेराव माझ्या खांद्याचा आधार घेऊन वर चढले. मागनं त्यांच्या मंडळी, विमलाबाई. ओळखलं नाही. चार जोडपी, सगळी आपल्याच जिल्ह्यातली.

"काय रे पॉल, हिंदी येती का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"येत नाय. बोला मोकळं!"

मग काय, सुटलेच. "किती काळा हे बघा." "उन्हातला हे हो, आपल्या बागेतल्या मजुरावानी." "पण दात बघा, जाहिरातीतले!" खंडेराव तर सगळ्यांना सांगत होते, "आमचे जावई इथंच मॅनेजर हायेत. आज नेमके दुसऱ्या बेटावर. नायतर असल्या डबड्यात बसवलं असतं का आपल्याला? गाडी आली असती, गाडी!"

मी गिअर टाकत होतो.

कासवांपाशी त्यांनी पिशवी सोडली. नाशिकचा चिवडा! मलाही मूठभर दिला. "खा रे पॉल. झेपंल का तिखट?" चौदा महिन्यांनी चिवडा. तिखट लागल्याचं नाटक करायचं ठरवलं होतं. करावं लागलं नाही, डोळ्यात पाणी आलंच. "मेला, मेला, पाणी द्या त्याला!" सगळे हसले. मीही हसलो.

मग झाड. गॉगल काढावा लागतो, घामानं घसरतो. झगा बांधला, दोरी अडकवली, चढलो. अर्ध्यावर गेलो आणि वाऱ्यानं टोपी उडवली. खाली बघितलं. सगळ्यांनी मोबाईल वर धरलेले. विमलाबाई तेवढ्या नुसत्या बघत होत्या, डोळ्यांवर हात आडवा धरून. दोन नारळ पाडले, उतरलो, टोपी शोधून घातली. कोणी काही बोललं नाही. वाटलं, सुटलो.

परत निघताना विमलाबाई म्हणाल्या, "मला मागं मळमळतं." आणि शेजारच्या सिंधुबाईंना घेऊन बरोबर माझ्या पाठीमागच्या सीटवर बसल्या. सिंधुबाई म्हणजे वणीच्या दुकानदाराची बायको. बाप्ये मागं आपल्याच गोंधळात.

"पोरीचं मन नाय हो, सिंधुबाई."

"कोणाचं? शुभांगीचं?"

"ह्या मुलाचं नाव काढलं की ताटावरनं उठती. रडती. फोनवर बोलती ती नुसती बापाच्या धाकानं."

"मग मोडून टाका की."

"आम्ही कसं मोडणार? ह्यांनी चारचौघांत शब्द दिलाय. त्यांच्याकडनंच नकार आला तर पोर सुटंल माझी. रोज देवाला तेवढंच मागते."

एवढ्या जवळनं बोलत होत्या की माझ्या मानेला त्यांचा श्वास लागत होता. स्टेअरिंग घट्ट धरलं. वळणं आहेत त्या रस्त्याला.

बंदरावर बाकीच्यांनी नुसता हात हलवला. विमलाबाई माझ्यासमोर थांबल्या, हात जोडले, मग गेल्या.

२१ जानेवारी

म्हणजे ते सगळं धाकानं? लाडवांचा फोटो पण? समुद्र कसाय — ते पण?

तिलाच विचारावं. पण काय विचारू? कुठं ऐकलं म्हणून सांगू? तुमच्या आईला वॅनमधनं फिरवत होतो, कमरेला पानं बांधून?

खोटं मी आधी बोललो. तिच्यावर चिडायला मी कोण? तरी राग येतोय. लय येतोय! मी मॅनेजर म्हणून पण तिला नको होतो!

२२ जानेवारी

तिचा फोन. उचलला नाही. परत आला. उचलला नाही. मोबाईल गादीखाली घातला.

२३ जानेवारी

नवी बोट. चढलो. उतरलो. टाळ्या वाजवल्या लोकांनी. एक म्हातारी म्हणाली, तू किती सुखी दिसतोस.

२४ जानेवारी

मामाला सांगितलं. नकार कळवा.

"डोक्यावर पडलास का? लाखात एक पोरगी हे!"

"नको."

"कारण काय सांगू त्यांना?"

"मला लग्नच करायचं नाही."

मामा शिव्या द्यायला लागला. मग आईनं फोन हिसकावला. "कुंदन, बाळा, काय झालं रे? कोणी काय बोललं का?" म्हटलं, काही नाही. म्हणाली, मांडवाला फुलं विकत घ्यायला नकोत म्हणून निम्मं वावर झेंडूचं लावलंय तुझ्यासाठी. कळ्या धरल्यात.

बाजारात ने, म्हटलं.

फोनवर नुसता कोंबड्यांचा आवाज येत होता.

२५ जानेवारी

बरं केलं. नको असलेल्या माणसाच्या गळ्यात पोरगी बांधायची, आणि वर तो माणूस खोटा. नाही झालं ते चांगलंच. आयुष्यात एक काम तरी सरळ केलं, आणि तेही कोणाला सांगता येत नाही. कोणी शाबास म्हणणार नाही. म्हणू नका!

शुभांगीचा नंबर काढून टाकला. पाठ आहे, त्याला काय करू?

२८ जानेवारी

मामानं काल दिंडोरीला जाऊन सांगितलं. खंडेराव लय बोलले म्हणे. चहा पण विचारला नाही. विमलाबाई मात्र शांत होत्या. मामाला गेटपर्यंत सोडायला आल्या.

त्यांचा देव पावला. ठीक आहे.

३ फेब्रुवारी

शुभांगीचा मेसेज आला.

"आई म्हणते बरं झालं. तिनं म्हणे तिथं तुम्हाला झाडावर चढताना बघितलं, तेव्हाच ठरवलं की पोरगी द्यायची नाही. मला एकदा सांगायचं होतंत. मला चाललं असतं. एवढ्या लांब नको म्हणत होते घरचे, तुम्हाला हो म्हणायला मी तीन महिने भांडले होते. आज पासपोर्ट आलाय माझा."