पडद्यावरचा बूट

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. काल आठही अंगं खरोखरच जमिनीला टेकली, म्हणून आधीच सांगतो, लागलं कुठेही नाही.

काल एकटाच सिनेमाला गेलो होतो. परदेशात धडपडणाऱ्या एका वेंधळ्या प्रवाशाची गोष्ट होती. सवयीप्रमाणे बूट काढून खुर्चीत मांडी ठोकली. हसता हसता पाय लागला आणि एक बूट उतारावरून घसरत पार पहिल्या रांगेपर्यंत गेला.

अंधारात रांगत निघालो, वाटेत एकदा सपशेल पालथाही पडलो. सापडला तसा आनंदाने उभा राहिलो, तर बूट उंचावलेली माझी सावली भल्यामोठ्या पडद्यावर. लोक हिरोला हसले नसतील इतके मला हसले.

जागेवर आलो तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या आजींनी अर्धे पॉपकॉर्न माझ्या ओंजळीत ओतले. नंतर बाहेर बाकावर बसून त्यांच्याशी इथल्या भाषेत मोडकंतोडकं बोलत तासभर गप्पा मारल्या.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांना यातलं निम्मंच वाचून दाखव.

तू बजावलंस तसा चार महिने इथे चारचौघांत अगदी नीट वागलो, आई. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आता रविवारी आजींनी जेवायला बोलावलंय. बूट तर मी दाराशीच काढणार, म्हणून आजच मोज्याचं भोक शिवून ठेवलंय.

तुझा,
धांदरट