मूळ मजकूर लुविमिनला

मी एलेउतेरियो गारिंगालाव, वय एकोणपन्नास, व्यवसाय यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणं, राहणार गिंबाल, इलोइलो प्रांत. येत्या सोमवारी डॉक्टर माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. हृदय परमेश्वराच्या हवाली केलं आहे. डोकं अजून माझ्या ताब्यात आहे. ते तसं असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने हे लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. घरातला माझा हिस्सा आणि मागची नारळाची झाडं पत्नी मिलाग्रिन आणि मुलगी लुविमिन यांना निम्मी-निम्मी. मिलाग्रिन हयात असेपर्यंत घर विकू नये. बँकेतली शिल्लक मिलाग्रिनची. तिने त्यातून आधी स्वतःचे दात करून घ्यावेत. दुसऱ्या कोणाची गरज पुढे करू नये.

२. सुतारकामाची हत्यारं धाकटा भाऊ नार्सिसो याला. "उद्या आणून देतो" म्हणून त्याने नेलेला रंधा आता त्याचाच समजावा.

३. माझी वेबसाइट. हे कलम नार्सिसोने दोनदा वाचावं.

कंपनीसाठी लिहिलेल्या एकाही पुस्तकावर माझं नाव नाही. करारच तसा होता. नवीन काम मागायला गेलो की विचारत, "तुमचं लिखाण दाखवा." दाखवायला काहीच नव्हतं. म्हणून साध्या मजकुरातून वेबसाइटची पानं घडवून देणारा प्रोग्रॅम शिकलो आणि नमुन्यासाठी आमच्या किनाऱ्यावरच्या बोटींचं इंजिन घेतलं. वाचावं परदेशी साहेबांनी म्हणून लिहिलं. वाचू लागले आमचे कोळी. पानांवर सजावट नाही, त्यामुळे भर समुद्रात जेमतेम रेंज असतानाही ती उघडतात. इंधनाच्या नळीत शिरलेली हवा कशी काढायची, हे पान वाचून शेजारचा हुआनितो वादळाच्या तोंडातून घरी आला. त्याची बायको मला थोरल्या भावाच्या मानाने 'नोंग तेर्यो' म्हणते. ती म्हणाली, "नोंग तेर्यो, आधी फादरची प्रार्थना, मग तुमचंच पान!" मी तिला गप्प केलं. पण त्या दिवसापासून ही वेबसाइट काम मागण्यापुरती राहिली नाही.

नार्सिसो शहरात दुकानांच्या वेबसाइट बनवतो. त्याला माझीही हवी आहे. गेल्या नाताळात त्याने न विचारता तयार पानांत जाहिराती आणि हलती चित्रं घातली. मी मूळ मजकुरात एक शब्द सुधारला, प्रोग्रॅमने त्या मजकुरातून सगळी पानं नव्याने घडवली आणि त्याची सगळी कारागिरी नाहीशी झाली.

"नोंग, माझी सगळी मेहनत पुसलीत तुम्ही!"

"मी कशाला पुसू? खत शेताला घालायचं असतं. तू ताटातल्या भाताला घातलंस."

"पण असली भुंडी पानं आजकाल बघतं कोण?"

"हुआनितोला विचार."

तेव्हापासून तो जेवायला येत नाही. यावं.

मूळ मजकुराचं फोल्डर, वेबसाइटचं नाव आणि तिचा पूर्ण ताबा मी लुविमिनला देतो. ती नर्स आहे. तिला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "तातय, मला यातलं ओ की ठो कळत नाही." म्हणूनच तिला. ती सजवायला जाणार नाही. पानं घडवण्याचं काम मी तिच्या हातून करून घेतलं आहे. जाहिरात नको, हलतं चित्र नको. एखाद्या कोळ्याने चूक दाखवली तर वाद न घालता बोटीवर जाऊन बघावं. मजकुराची नक्कल मागेल त्याला द्यावी, नार्सिसोलाही. ताबा कोणालाही देऊ नये.

४. 'माझ्याविषयी' या पानावर 'नव्या कामासाठी उपलब्ध' असं वाक्य आहे, ते माझ्या मागे काढावं आणि तिथे लुविमिनने हुआनितोचा फोन नंबर घालावा. त्याने होकार दिला आहे. मी वारलो असं मात्र त्या पानावर लिहू नये. बंद पडलेल्या बोटीत बसून वाचणाऱ्याला त्याने धीर येणार नाही.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

एलेउतेरियो गारिंगालाव
गिंबाल, शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

आमच्यासमोर सही केली:
हुआनितो गेल्वेसोन, कोळी
तेओफिला गारिन, शिक्षिका
आर्सेनियो हेनोव्हिया, चर्चचे घंटावाले