शिंपल्यांना वास लागू न देता

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (जिना चढू नकोस असं सांगणार नाही, सांगितलं की तू मुद्दाम गच्चीवर जातेस.) भावोजींचा खोकला गेला, की अजून पाहुणे आले की येतो आणि ते उठले की थांबतो? आमच्याकडे सगळं ठीक. अण्णांबद्दल विचारलं आहेस, त्यावर येतोच. पण आधी तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊ दे. गेल्या महिन्यात तुमच्याकडची वीज गेली तेव्हा फोन करून तू विचारलं होतंस, तुम्ही तिथे बसून करता तरी काय. तर ताई, आम्ही शिंपल्यांशी लढत होतो आणि हरलो होतो.

आमचं वीजकेंद्र म्हणजे एक अवाढव्य किटली समज. पाण्याची वाफ करायची, वाफेवर चक्र फिरवायचं आणि ती वाफ थंड करून पुन्हा पाणी करायचं. थंड करायला नदीचं पाणी हजारो बारीक नळ्यांतून खेळवावं लागतं, आणि ते खेळवणं हे माझं खातं. (माझ्या लग्नाच्या बैठकीत तू याला ‘मोठ्या यंत्रांवरचं काम’ म्हणाली होतीस. तुझ्या भावजयीला खरं काय ते नंतर कळलं.) या नदीत कुठल्याशा परक्या पाण्यातून, बहुधा एखाद्या बोटीच्या तळाशी बसून, हे शिंपले आले. त्यांची पिल्लं वाळूच्या कणाएवढी, कुठल्याही जाळीतून बिनदिक्कत आत शिरतात. पाइपात जिथे पाण्याला फारशी घाई नसते तिथे बस्तान बसवतात, संसार थाटतात, आणि मग एखादा शिंपला वाहत येऊन नळीच्या तोंडात बुचासारखा बसतो.

यावर उपाय म्हणजे पाण्यात क्लोरीन सोडणं. आम्ही तो सोडत होतो, अगदी नेमाने, सकाळचा चहा झाला की दोन तास, चांगला झणझणीत. (त्याच वेळी का, तर तेव्हा सगळे हजर असतात आणि सही करायला साहेब जागेवर सापडतात.) शिंपल्यांनी ही वेळ आमच्यापेक्षा नीट पाळली. वास आला की ते कवच घट्ट मिटून आत श्वास रोखून बसत, आणि आमची सही झाली की उघडून जेवायला लागत. मोठ्या साहेबांनी मात्रा वाढवायला लावली, तर ते आणखी वेळ मिटून राहिले. (कुणी ऐकत नाही म्हटल्यावर तेच वाक्य मोठ्याने म्हणायचं, ही सवय आपल्याही घराण्यात आहे, मी नाव घेत नाही.) शेवटी साहेबांनी पाइपातून गरम पाणी फिरवायला लावलं. त्याने मात्र सगळे शिंपले एकदम मेले, एकदम सुटले आणि एकदम नळ्यांवर येऊन बसले. आमचं यंत्र बंद पडलं, तुझा मिक्सर बंद पडला, आणि मी गुडघाभर शिंपल्यांत उभा राहून फावडं मारत असताना तुझा फोन आला.

आमच्या केमिस्टबाई बोलायला फार काटकसरी आहेत. नदीतून नवे शिंपले येतच होते. त्यांतले थोडे त्यांनी काचेच्या बरणीत घालून प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवले आणि मला म्हणाल्या, नुसतं बघा. मी बरणीला नाक लावलं, सगळे मिटले. टिचकी मारली, मिटलेले आणखी घट्ट झाले. कंटाळून मी डबा उघडून जेवायला लागलो, तेव्हा कुठे एक जण जरासा उघडला. मग त्याचा शेजारी. ज्यांना मारायचा पगार मिळतो त्यांच्याबद्दल असं वाटू नये, पण मला त्यांचं कौतुक वाटलं. बाईंचं म्हणणं असं, की क्लोरीन इतका पातळ सोडायचा की शिंपल्यांना वासही लागू नये, पण सोडायचा अखंड. (पाणी नदीत परत जाण्याआधी तो काढून टाकतात, माशांचा काय दोष?) शिंपले उघडेच राहतात आणि हळूहळू कमी होतात, नवी पिल्लं टिकत नाहीत. आता तसंच चाललं आहे. नळ्या स्वच्छ आहेत आणि मोठे साहेब याला ‘माझी योजना’ म्हणतात.

त्या बरणीसमोर जेवताना मला अण्णा आठवले. रागावू नकोस. आई गेल्यापासून ते कमी बोलतात, आणि त्यांचा मोतीबिंदू पिकत चालला आहे हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना मान्य आहे. आणखी थांबलात तर अवघड होईल, असं डॉक्टर म्हणाले आहेत. तू येतेस, ऑपरेशन का करायला हवं ते दोन दिवस समजावतेस, आणि अण्णा खोलीचं दार लावून घेतात. तू गेलीस की बाहेर येऊन चहा मागतात. दर रविवारी मीही तेच करत होतो. सकाळी ते पेपर धरून बसतात, पानं वेळच्या वेळी उलटतात, आणि रेडिओवर ऐकलेल्या बातम्या वाचल्यासारख्या आम्हाला सांगतात. आम्हीही ‘हो का?’ म्हणतो. पण जिना उतरताना शेवटची पायरी ते पायाने शोधतात, तेव्हा मी दोन पायऱ्या खाली उभा असतो. भीती वाटते, ताई. तरी मी डोळ्यांचा विषय बंद केला. कामावरून आलो की गॅलरीत त्यांच्या शेजारी बसून वाटाणे सोलतो. ते नुसत्या बोटांनी सोलतात, किडका दाणासुद्धा बोटांनीच ओळखतात. परवा आपणहून आईविषयी बोलले, बराच वेळ. (तिकडे हेतू मारण्याचा आहे आणि इकडे नाही, एवढा फरक कृपा करून लक्षात ठेव.)

भावोजींना नमस्कार, खोकल्याला नाही.

तुझा,
पाणीखात्यातला भाऊ

ता. क. – येत्या शनिवारी तू काका, दोन्ही आत्या आणि ओळखीतले एक डोळ्यांचे डॉक्टर असा लवाजमा घेऊन येणार असल्याचं भावोजींकडून कळलं. वरचं सगळं लिहिलं ते एवढ्याचसाठी, की तो आणू नकोस. ते गरम पाणी आहे. त्यापेक्षा रोज संध्याकाळी दोन मिनिटं फोन कर, आज काय सोललंत ते विचार, आणि ठेवून दे.

आणखी एक ता. क. – पाकीट चिकटवत होतो, तर समोर बसलेल्या अण्णांनी हात पुढे केला. ताईला लिहिलंयस ना, दाखव म्हणाले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला, आणि परत दिला. “तूच वाच. मला दिसत नाही.” हे वाक्य या घरात आजवर कुणी ऐकलेलं नाही. मी सगळं वाचलं, शिंपल्यांसकट, आता करतो काय. त्यावर म्हणाले की माझा क्लोरीन त्यांना पहिल्या दिवशीच कळला होता, कारण त्याआधी जन्मात मी कधी वाटाण्याला हात लावलेला नव्हता.

“लवाजमा नको. ती एकटी येऊ दे,” म्हणाले. “ऑपरेशनच्या आधी. पुढे काही बिघडलंच तर? तिला एकदा बघून घेतो, दिसेल तेवढी.”

मी वाटाणे पुढे ओढले आणि सोलायला लागलो. तू शनिवारी एकटीच ये, ताई. आणि आलीस की उजेडाकडे तोंड करून बस.