फसवी घिरटी

६ सप्टेंबर, रविवार

आजपासून सूड. शांत डोक्याने घ्यायचा, संतापायचं नाही, असं ठरवलं. ठरवता ठरवता चहाचा कप फुटला. तो आधीच तडकलेला होता.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन विरघळायला नको. गेल्या डिसेंबरात, क्लबच्या वर्षअखेरच्या जेवणात, नुकुईने सगळ्यांसमोर मला 'पातीचे ओबाता' म्हटलं. का, तर माझं रिमोटवर उडणारं ग्लायडर अधूनमधून बांधापलीकडे इगाराशी आजींच्या कांद्याच्या पातीत उतरतं. लोक टेबलं बडवून हसले. अध्यक्ष तोगाशी स्वतः दातांचे डॉक्टर, पण हसता हसता त्यांना आपली कवळी हातात घ्यावी लागली. तेव्हापासून बाजारात पातीची जुडी दिसली तरी माझे कान तापतात.

आज मैदानावर सर्वांदेखत नुकुईला आव्हान दिलं. ३ नोव्हेंबरच्या क्लब स्पर्धेत मी त्याच्या पुढे आलो, तर 'पात' हा शब्द क्लबातून कायमचा हद्दपार. तो पुढे आला, तर पुढचं वर्षभर मैदानाचं गवत मी एकट्याने कापायचं.

नुकुई म्हणाला, अहो ओबातासान, पैज कशाला? थट्टा केली होती हो. तुम्हाला लागलं असेल तर आत्तापासून बंद.

घाबरला! मी म्हणालो, नाही, पैजच.

१३ सप्टेंबर, रविवार

सराव उत्तम. विंचच्या मोटरने दोरी खेचली, ग्लायडर पतंगासारखं सरळ वर गेलं, दोरी सुटली, वळण झोकात घेतलं. त्यानंतर वाऱ्याने दगा दिला.

मिठाईचा डबा घेऊन इगाराशी आजींकडे गेलो. कोणाच्या शेतात विमान पडलं, की डबा न्यायचा आणि कमरेत वाकून माफी मागायची, अशी क्लबची रीत आहे. मला पाहताच आजी म्हणाल्या, या, या, पातीचे ओबाता ना तुम्ही? नुकुईसान सांगत होते.

म्हणजे शत्रूने शेताशेतांतून प्रचार चालवलाय!

निघताना आजी म्हणाल्या, डॉक्टरांनी माझं गोड बंद केलंय, पुढच्या वेळी काहीतरी खारट आणा. पुढच्या वेळी म्हणजे काय? घरी येऊन योरिकोला हे संतापून सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता कळलं तरी काय द्यायचं ते. बायकोला मुद्दा कळत नाही.

२० सप्टेंबर, रविवार. दुपारी, मैदानावर ओनिगिरी खाताना

सुचलं! भाताचा मुटका हातातून पडला, इतकं मोठं सुचलं.

आपल्या ग्लायडरला इंजिन नाही. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, सापडली तर ते टिकतं. थर्मल डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सगळे घारीकडे बघतात. घार जिथे पंख न हलवता गोल फिरते, तिथे हवा चढती. घार नसेल तर दुसऱ्याच्या विमानाकडे बघतात. एकाने घिरटी धरली, की बाकीचे लाळ गाळत तिथे. नुकुई तर पहिला.

तर मी खोटी घिरटी घालायची. हवा मेलेली असेल तिथे, पण चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचे भाव ठेवून. नाक किंचित वर ओढून धरलं, की खालून विमान चढल्यासारखं वाटतं. नुकुई धावत येणार. तो आत शिरला, की मी हळूच निसटून खऱ्या थर्मलमध्ये. तो दगडासारखा खाली.

अंतिम फेरीत दोघंच एका वेळी उडतात. दहा मिनिटं हवेत राहायचं आणि खुंटीजवळ उतरायचं. अंतिम फेरीत मी पोचणार हे उघड आहे.

२८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी, ऑफिसच्या आधी

सरावाची जागा ठरली: बांधाखालच्या बंद पडलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या डांबरी मैदानावरची हवा. उजाडताना तिथली हवा मढ्यासारखी असते. खोट्या घिरटीला याहून खात्रीची जागा नाही.

योरिको सोबत आली होती. बघून म्हणाली, अहो, नाक वर करून फिरवताय, पडेल ते. मी म्हणालो, पडतंय, पण चढल्यासारखं दिसतंय की नाही? ती म्हणाली, पडल्यासारखंच दिसतंय.

तिला उड्डाणाची नजर नाही.

१ ऑक्टोबर, गुरुवार

चेहऱ्याचा सराव आरशासमोर. लॉटरीचे भाव. ऑफिसात साहेबांनी विचारलं, ओबाता, पोट बरं नाही का?

११ ऑक्टोबर, रविवार

पंख तडकला. उतरताना खुंटी जरा चुकीच्या जागी होती.

नुकुई हत्यारांचा मोठा डबा उघडून बसला. म्हणाला, द्या इकडे, सुकायला वेळ लागतो, आजच चिकटवून टाकू. कार्बनची पट्टी आतून लावून इतकं सफाईने सांधलं, की तडा कुठे होता ते मलाच सापडेना. वर म्हणतो, स्पर्धेला तुमचं विमान नीट पाहिजे हो, नाहीतर मजा काय?

बघा, कसा खोल माणूस आहे! उपकार करून ठेवायचे, म्हणजे जिंकणाऱ्याच्या घशात जिंकलेलं अडकावं. माझ्या अडकणार नाही. मी आभार मानले, पण कोरडे. वाकलो, पण कमी.

१८ ऑक्टोबर, रविवार. दुपारी

आज इतिहास घडला. कोणालाही सांगता येत नाही, म्हणून इथे.

सगळे जेवायला बसले असताना डांबरी मैदानावर रंगीत तालीम घेतली. खोटी घिरटी धरली. इतकी हुबेहूब जमली, की विमान खरंच ठिपक्याएवढं झालं. आणि मग कुठूनशी एक घार आली आणि माझ्या विमानाशेजारी गोल फिरू लागली!

घार फसली! जन्मभर हवेत राहणारा पक्षी! नुकुई काय चीज आहे?

डॉ. तोगाशी तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाले, काय झकास जागा सापडली हो! मी नुसता हसलो. गिऱ्हाईकं वाढतायत.

२ नोव्हेंबर, सोमवार

उद्या. विजयाचं भाषण पाठ. थोडक्यात, उदार, शेवटी जराशी टाचणी.

गाडीत सामान ठेवताना मागच्या सीटवर सेंबेईचा मोठा डबा सापडला. तांदळाचे खारट कुरकुरीत पापड, रेशमी कागदात बांधलेले. योरिकोने जेवणानंतर वाटायला आणलेले दिसतात. बोलत नाही, पण तिचाही विश्वास आहे. डोळे भरून आले.

३ नोव्हेंबर, मंगळवार. सुट्टी. सकाळी

आकाश निरभ्र. सुडासाठीच धुऊन वाळत घातल्यासारखं.

दुपारी साडेबारा

अंतिम फेरीत मी आणि नुकुई. दोघं जण गेल्या रात्रीच्या पार्टीमुळे आलेच नाहीत आणि एकाची विंचची दोरी तुटली, पण मुद्दा तो नाही. घड्याळ धरून माझ्याशेजारी उभे राहायला डॉ. तोगाशी. चांगलं आहे. साक्षीदार प्रतिष्ठित हवा.

नुकुई म्हणाला, ओबातासान, मनापासून उडवू. मी म्हणालो, मनापासूनच.

संध्याकाळी

लिहिणार नव्हतो. पण सत्य कुठेतरी नोंदलं गेलं पाहिजे.

दोन्ही विमानं एकदम वर गेली. नुकुई नदीच्या बाजूला भटकत राहिला, त्याला काहीच सापडेना. मी थेट डांबरी मैदानावर जाऊन खोटी घिरटी धरली. नाक किंचित वर. चेहऱ्यावर लॉटरी. अप्रतिम जमली, आजवरची सर्वोत्तम. डॉ. तोगाशीसुद्धा फसले! म्हणाले, ओबातासान, चढतंय हो, मस्त चढतंय, डांबर तापलंय खाली. मी मनात म्हणालो, डॉक्टर, तुम्ही दात बघा.

आणि नुकुई आला! वाटलं होतं तसाच, धावत, लाळ गाळत, माझ्या खालून आत शिरला. सूड म्हणतात तो हाच.

ठरल्याप्रमाणे मी निसटलो. डॉ. तोगाशी ओरडले, अहो, कुठे चाललात? सोडू नका, सोडू नका! बिचारे. इतके गुंतले होते, की त्यांना समजावत बसायला वेळ नव्हता. मी नदीवरच्या खऱ्या थर्मलकडे निघालो.

नदीवर थर्मल नव्हतं. वेळेवर न येणं हा त्याचा दोष.

वर पाहिलं. नुकुईचं विमान ठिपक्याएवढं झालं होतं. डांबरी मैदानावर. माझ्या खोट्या घिरटीत. चढत होतं. निर्लज्जपणे चढत होतं.

माझं कुठे उतरलं, ते लिहायची गरज नाही. आजी पातीच्या वाफ्यात उभ्याच होत्या. मी रिकाम्या हातांनी वाकणार, एवढ्यात योरिको मागून आली आणि तो सेंबेईचा डबा पुढे केला. आजींनी रेशमी कागद सोडला आणि म्हणाल्या, अरे वा, लक्षात ठेवलंत!

योरिकोने तो कधी विकत घेतला, हे मी विचारलं नाही.

बक्षीस समारंभात नुकुई उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, मंडळी, मी तर खाली यायच्या बेतात होतो. ओबातासाननी ती जागा शोधून दिली, आणि मी आल्याबरोबर मला जागा करून देऊन स्वतः बाजूला झाले. इतकी वर्षं उडवतोय, असा मोठ्या मनाचा माणूस पाहिला नाही. आजपासून यांना पातीचे कोण म्हणेल, त्याची गाठ माझ्याशी आहे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉ. तोगाशींनी डोळे पुसले. मला उभं राहून वाकावं लागलं. खूप खाली.

गाडीत योरिको म्हणाली, अहो, जे हवं होतं ते मिळालं की. मी रेडिओ लावला.

८ नोव्हेंबर, रविवार

नुकुईचा फोन. म्हणाला, गवत दोघं मिळून कापू हो, एकट्याला कशाला त्रास? स्पष्ट नकार दिला. मला हरवून वर माझं गवतही कापायचं? या माणसाच्या दुष्टपणाला तळ नाही.

शांतपणे विचार केला. योजनेत चूक एकच: घिरटी जास्त चांगली जमली. इतकी खरी वाटली, की हवासुद्धा फसली.

१५ नोव्हेंबर, रविवार

गवत. मशीनचा पट्टा खांद्यात रुततो. विमान उडवताना मैदान लहान वाटतं, गवत कापताना वाटत नाही.

इगाराशी आजी बांधावरून पातीची जुडी देऊन गेल्या. म्हणाल्या, सूपमध्ये घाला, दमला असाल. घेतली. नाही म्हणता आलं नाही.

थोड्या वेळाने नुकुई आपलं ग्लायडर घेऊन आला. विंचवर दोरी लावली आणि मला हाक मारली: ओबातासान, वर बघा! डांबरी मैदानावर एक घार पंख न हलवता गोल फिरत होती. वर, आणखी वर. नुकुई म्हणाला, तुमचं विमान गाडीत असेल ना? काढा चटकन, दोघं जाऊ.

विमान गाडीत होतं.

मी घारीकडे नीट निरखून पाहिलं. नाक किंचित वर होतं.

मला कोण फसवणार? मान खाली घातली आणि गवत कापत राहिलो.