आईचं लाटणं

नेवेन्का,

आई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या मंगळवारी मी आपल्या जुन्या फिचा गाडीखाली दुरुस्ती करत पडून होतो. घंटा ऐकली होती. हात तेलकट होते म्हणून उठलो नाही. शेवटी तू दवाखान्यातून शेजारच्या मिलुंका काकूंना फोन करून निरोप दिलास. चुकलं माझं.

काल तू पिटाच्या पातळ पोळ्या लाटायला आईचं लाटणं शोधत होतीस. मी माहीत नाही म्हणालो, ते खोटं होतं. लाटणं गाडीतच होतं. गेल्या उन्हाळ्यात उझित्सेच्या चढावर इंजिन तापलं, आणि इंजिनाचं मागचं झाकण उघडं धरणारी काठी वाटेत कुठेतरी पडली होती. आई मावशीकडे पिटा करायला निघाली होती. तिने पिशवीतून लाटणं काढून झाकणाखाली लावलं आणि म्हणाली, "घे म्हाताऱ्या! आता तुझ्या या डब्यालाच लाटून खा." तेव्हापासून ते तिथेच होतं. ती गेल्यावर मला ते काढवलं नाही.

आज ते धुऊन ओट्यावर ठेवलंय. एका टोकाचा काळा डाग गेला नाही. झाकणाला नवी काठी केली आहे.

मी बिजागऱ्या आणायला बाजारात जातोय, दुपारी येईन. शनिवारी आईचे सहा महिने होतात. कबरीवर फिचातून जाऊ, तू येणार असशील तर. इंजिन आणि ब्रेक झाले. तिच्या बाजूचं दार बसवायचं राहिलंय.

बाबा